दुसऱ्या पिकाला फाज का लागू पडला नाही? देवगडच्या खाडीकाठच्या एका कोळंबी तळ्याचं प्रकरण

देवगड तालुक्यात खाडीच्या काठाला, जुन्या खार जमिनीवर बांध घालून काढलेल्या तळ्यांचा हा कोळंबी प्रकल्प आहे. जात व्हेनामी. बीज, म्हणजे कोळंबीची पिल्लं, पूर्व किनाऱ्यावरच्या हॅचरीतून (पैदास केंद्रातून) येतं आणि पाणी खाडीचं, उधाणाच्या भरतीला पंपाने चढवलेलं. एका उन्हाळी पिकात इथल्या एका तळ्यात चमकणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूने मरतुक सुरू केली. आम्ही त्या जिवाणूला मारणारा विषाणू, म्हणजे फाज, त्याच खाडीच्या पाण्यातून शोधला, वाढवला आणि तळ्यात सोडला. मरतुक उतरली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच तळ्यात तसाच रोग दिसला, तोच फाज सोडला आणि काहीच फरक पडला नाही. मालक काकांनी विचारलं, "औषद ताच, तळा ताच, मगे आता लागू कित्याक पडणा नाय?"

अशा वेळी गावोगाव दोनच उत्तरं मिळतात: औषध खराब निघालं, नाहीतर रोग सवयीचा झाला. दोन्ही उत्तरांनी चौकशी तिथेच थांबते. जिवाणू आणि त्यांचे विषाणू यांचं वैर आपल्या कोळंबी शेतीहून कितीतरी जुनं आहे. त्या वैरात जिवाणूने बचावाचे अनेक वेगवेगळे मार्ग कमावले आहेत. इथे त्यांतला नेमका कोणता वापरला गेला हे कळलं, तरच पुढे काय करायचं ते ठरतं. आणि ते शोधायला फार महागडी यंत्रं लागत नाहीत, हे मला या प्रकरणातून सांगायचं आहे.

रोग आणि पहिलं पीक

व्हिब्रिओ हार्वेई हा समुद्राच्या पाण्यातला नेहमीचा जिवाणू. थोडा असला तर कोळंबी त्याला दाद देत नाही. तळाशी उरलेलं खाद्य आणि विष्ठा साचली, पाणी तापलं, पावसाआधीच्या महिन्यांत खारेपणा चढला, की त्याची संख्या वाढते आणि तो कोळंबीच्या यकृतासारख्या अवयवात, हेपॅटोपॅन्क्रियासमध्ये, शिरतो. कोळंबी चेक ट्रेवर, म्हणजे खाद्य खाल्लं जातं का ते पाहायच्या तबकावर, येत नाही, आतडं रिकामं दिसतं आणि रात्री बॅटरी बंद केली की मेलेल्या कोळंब्या निळसर-हिरव्या चमकतात. किनाऱ्यावरच्या लोकांना थंडीच्या दिवसांत लाटा चमकताना पाहायची सवय असते, त्यामुळे सुरुवातीला कुणी घाबरलं नाही. लाटांची ती चमक बहुधा नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जिवाची असते आणि पाणी ढवळलं की पेटते. व्हिब्रिओची चमक न हलवताही टिकून राहते. हा फरक प्रत्येक कोळंबी शेतकऱ्याला माहीत असायला हवा, कारण त्यावर एक-दोन दिवस हाती लागतात.

अँटिबायोटिकचा रस्ता बंद होता, आणि तो बंद आहे हे बरंच आहे. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारखी औषधं आपल्याकडे मत्स्यशेतीत निषिद्ध आहेत आणि निर्यातीच्या मालात त्यांचा अंश सापडला तर कंटेनर परत येतो. फाजचा विचार त्यातून आला. हा विचार आपल्या किनाऱ्याला नवा नाही. आपल्यापासून दक्षिणेला, मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातल्या संशोधकांनी २००६ आणि २००७ साली हॅचरीतल्या चमकणाऱ्या व्हिब्रिओवर फाज वापरून कोळंबीची पिल्लं जास्त जगतात हे प्रसिद्ध केलं होतं.

आम्ही मेलेल्या कोळंबीतून जिवाणू वेगळा केला, खाडीचं पाणी बारीक गाळणीतून काढून त्याच्यावर टाकलं आणि प्लेटवर जिथे जिवाणूंच्या थराला स्वच्छ गोल छिद्रं पडली तिथून फाज उचलला. पहिल्या पिकात तो सोडल्यावर मरतुक कमी झाली, पण सगळं श्रेय मी फाजला देणार नाही. त्याच आठवड्यात काकांनी खाद्य निम्म्यावर आणलं होतं, तळातला गाळ काढला होता आणि पाण्यात हवा मिसळणारे एरेटर रात्रभर चालू ठेवले होते. जिवाणूची एक वसाहत आणि फाजचा साठा मात्र आम्ही ग्लिसरॉलमध्ये घालून फ्रीझरमध्ये जपला. पुढची सगळी चौकशी त्या दोन नळ्यांमुळे शक्य झाली.

दुसरं पीक: संशयित कोण कोण

पहिला संशय फाजवरच घेतला. फाज हा जिवंत पेशीबाहेर नुसता प्रथिनांच्या आवरणातला डीएनए असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो निकामी होतो, साठवणीत उष्णता लागली तरी त्याची संख्या घसरते. म्हणून जुना फाज जुन्या जिवाणूवर लावून पाहिला. छिद्रं आधीसारखीच पडली. म्हणजे औषध जिवंत होतं. मग नव्या पिकातल्या मेलेल्या कोळंबीतून जिवाणू वेगळा केला. तोही चमकणारा, वसाहतीही दिसायला तशाच. त्यावर फाजचा घट्ट थेंब टाकला तर धूसर डाग पडला आणि आमच्यातल्या एकाला वाटलं की फाज चालतो आहे. असा डाग फसवा असू शकतो. एका पेशीला एकदम शेकडो फाज चिकटले तर तिची भिंतच फाटते आणि फाज आत वाढलेला नसतानाही पेशी मरते. तळ्याच्या पाण्यात एवढी दाटी कधीच होत नाही. थेंब पातळ करत गेलो तेव्हा खरं चित्र दिसलं: जुन्या जिवाणूवर जिथे हजारो छिद्रं पडावीत, तिथे नव्यावर एखाददुसरंच.

आता बचाव कुठे होतो आहे, पेशीच्या बाहेर की आत? या एका प्रश्नाने अर्धी चौकशी पार पडते.

बाहेरचा बचाव सगळ्यांत साधा. फाज जिवाणूच्या पृष्ठभागावरच्या एका ठरावीक रेणूला चिकटतो, त्याला ग्राही म्हणतात. व्हिब्रिओंमध्ये ओएमपी-के नावाचं बाह्य पटलातलं प्रथिन हा असा एक ग्राही आहे. केव्हीपी-४० हा पुष्कळ जातींच्या व्हिब्रिओंना गाठणारा फाज त्यालाच धरतो. जिवाणूने हे प्रथिन बदललं किंवा बनवायचंच थांबवलं, की फाज सरकून जातो. पण याची किंमत असते. पटकीचा जिवाणू हाही एक व्हिब्रिओच. त्यात आयसीपी-१ हा फाज पेशीवरच्या ओ-१ या शर्करेच्या साखळीला धरतो. ती साखळी गमावलेले जिवाणू फाजपासून वाचतात, पण आतड्यात तग धरायची त्यांची ताकद जाते. म्हणजे नव्या जिवाणूने ग्राही गमावला असता तर त्याची रोग करायची ताकद उतरली असण्याचीही शक्यता होती. तळ्यातली मरतुक पाहता तसं वाटत नव्हतं.

बाहेरच्या बचावाचा दुसरा प्रकार मला या प्रकरणात फार महत्त्वाचा वाटतो. व्हिब्रिओ हार्वेई एकटा असताना चमकत नाही. प्रत्येक पेशी एक रासायनिक संकेत बाहेर सोडते, दाटी वाढली की संकेत साचतो आणि मग सगळे मिळून प्रकाश पाडतात. याला कोरम सेन्सिंग म्हणतात आणि त्याचा बराच अभ्यास याच जिवाणूवर झाला. याचा भाऊबंद व्हिब्रिओ अँग्विलारम हा माशांना आजारी पाडतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की दाटीचा संकेत मिळाला की तो आपल्या अंगावरचा ओएमपी-के कमी करतो आणि फाजला कमी सापडतो. गर्दीत विषाणूची साथ सर्वांत वेगाने पसरते, तेव्हा गर्दी कळताच अंग आखडून घेणं जिवाणूच्या फायद्याचंच. तळं चमकतं आहे याचा अर्थ दाटीचा संकेत आधीच दिला गेला आहे. आपण नेमका तोच मुहूर्त धरून फाज सोडतो! शिवाय तोवर बरेचसे जिवाणू गाळावर आणि कोळंबीच्या टाकलेल्या कवचांवर चिकट थर करून बसलेले असतात. त्या थरातून फाजला आत शिरणं जड जातं.

आत की बाहेर हे ठरवायची चाचणी दहा मिनिटांची आहे. जिवाणूच्या द्रवात मोजून फाज मिसळायचे, थोडा वेळ द्यायचा, जिवाणू खाली बसवून वरच्या पाण्यात किती फाज मोकळे राहिले ते मोजायचं. ग्राही नसेल तर जवळपास सगळे मोकळे सापडतील. आमच्या नव्या जिवाणूत मात्र मोकळे फाज जुन्याइतकेच कमी झाले. फाज चिकटत होता. त्याचा डीएनएही बहुधा आत जात होता. जे काही घडत होतं ते आत.

आत काय घडलं

आतले बचाव मोजायला बसलं तर यादी संपत नाही. २०१८ साली इस्रायलमधल्या रोटेम सोरेक यांच्या गटाने एकाच लेखात अशा नव्या व्यवस्थांचा ढीग मांडला आणि त्यांना झोर्या, थोएरिस, गाबिजा अशी पुराणकथांतल्या देवतांची नावं दिली. त्यानंतर यादी वाढतच गेली. पण तीन मोठे प्रकार लक्षात ठेवले तरी काम भागतं: विषाणूचा परका डीएनए ओळखून तोडणं, मागच्या हल्ल्याची आठवण ठेवून तोडणं, आणि आपणच मरून शेजाऱ्यांना वाचवणं.

मधला प्रकार म्हणजे क्रिस्पर. विषाणूच्या डीएनएचा छोटा तुकडा जिवाणू आपल्या जनुकसंचात जपून ठेवतो आणि पुन्हा तोच विषाणू आला की त्या तुकड्यावरून ओळखून कापतो. जनुकसंच वाचलेल्या जिवाणूंपैकी सुमारे ४० टक्क्यांत तो आढळतो. २००७ साली दही-चीजच्या विरजणातल्या जिवाणूत तो बचाव करतो हे प्रयोगाने सिद्ध झालं आणि जनुकसंपादनासाठी २०२० चं नोबेल त्याच्यावरच्या कामाला मिळालं. या कीर्तीमुळे आज कुठेही फाज अपयशी ठरला की लोक आधी क्रिस्परचं नाव घेतात. मला ही घाई पटत नाही. त्याहून जुनी आणि कितीतरी जास्त जिवाणूंत आढळणारी व्यवस्था पहिल्या प्रकारातली आहे आणि तिची खूण साध्या प्लेटवर दिसते.

ती खूण शोधायला आम्ही नव्या जिवाणूवर पडलेल्या त्या एखाददुसऱ्या छिद्राकडे वळलो. तिथे वाचलेला फाज उचलून नव्याच जिवाणूत वाढवला आणि पुन्हा दोघांवर लावला. आता तो नव्यावरही भरपूर छिद्रं पाडू लागला. इथवर दोन अर्थ निघतात: फाजच्या जनुकात बदल झाला असेल, किंवा त्याच्या डीएनएवर नव्या जिवाणूची खूण बसली असेल. वेगळं करायला एकच पायरी लागते. हा सुधारलेला फाज एकदा जुन्या जिवाणूतून वाढवून काढायचा आणि मग पुन्हा नव्यावर लावायचा. जनुकातला बदल असेल तर तो पिढीजात उतरेल आणि फाज तसाच जोरदार राहील. आमचा फाज जुन्यातून एक फेरी करून आला आणि नव्यावर पुन्हा निकामी ठरला.

हा निकाल पाहून मला मनापासून आनंद झाला, कारण नेमकं हेच कोडं १९५२ आणि १९५३ साली लुरिया आणि ह्युमन, बर्टानी आणि वाइगल या संशोधकांच्या प्लेटांवर उमटलं होतं. फाज शेवटी ज्या जिवाणूत वाढला त्यावर त्याची पुढची ताकद ठरते, आणि ती वारशाने टिकत नाही. वेर्नर आर्बर यांनी पुढच्या दशकात त्याचा अर्थ लावला. जिवाणू आपल्या डीएनएवर ठरावीक अक्षररचनेपाशी मिथाइलची छोटी खूण करतो. तीच अक्षररचना खुणेशिवाय दिसली की त्याचं दुसरं विकर (एन्झाइम) ती कापतं. बंदरात नंबर रंगवलेली होडी गस्तीवाले सोडतात आणि बिननंबरी अडवतात, तसं हे. कापलं जाण्याआधी चुकून एखाद्या फाजच्या डीएनएवर खूण बसली, तर त्याची सगळी पिल्लं नंबर घेऊनच जन्मतात. खूण न करणाऱ्या जिवाणूत एक पिढी गेली की नंबर गेला. अशी पहिली नेमक्या जागी कापणारी कात्री हॅमिल्टन स्मिथ यांनी १९७० साली हिमोफिलस इन्फ्लुएन्झी या रोगकारक जिवाणूतून मिळवली. तिने जनुकशास्त्राची प्रयोगशाळाच बदलून टाकली. आर्बर, नॅथन्स आणि स्मिथ यांना १९७८ चं नोबेल मिळालं ते या कामासाठी.

तर काकांच्या तळ्यातला नवा जिवाणू ही कात्री बाळगून होता. एवढ्यावर सगळं सुटलं असं मात्र नाही. खूण बसलेला फाजसुद्धा नव्यावर लहान छिद्रं पाडत होता, प्रत्येक पेशीतून निघणारी पिल्लं कमी होती. यामागे तिसऱ्या प्रकारचा, स्वतः मरण्याचा बचाव असावा असा माझा कयास आहे. संसर्ग झालेली पेशी फाज पिकण्याआधीच मरते आणि साथ तिथे तुटते. पटकीच्या व्हिब्रिओत चक्रीय जीएमपी-एएमपी नावाचा संकेत-रेणू २०१२ साली सापडला. अशाच संकेताने पेशीला मरणाचा हुकूम देणारी सीबास ही व्यवस्था पुष्कळ जिवाणूंत आहे, असं २०१९ साली स्पष्ट झालं. आपल्या स्वतःच्या पेशींत विषाणूची चाहूल लागल्यावर जो इशारा उठतो त्याचं मूळ या जिवाणूंत आहे, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

कात्री आली कुठून

एका वर्षात जुन्याच जिवाणूने ही व्यवस्था नव्याने घडवली असेल असं मानायचं कारण नाही. अशी जनुकं जिवाणूंच्या जनुकसंचात फिरत्या तुकड्यांवर बसलेली असतात आणि एकातून दुसऱ्यात जातात. अमेरिकेच्या किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्समधल्या नाहांत इथे गोळा केलेल्या व्हिब्रिओंवरचं काम २०२१ साली आलं. त्यातले काही जिवाणू जवळपास जुळे होते, अंगावरचे ग्राहीही सारखे. तरी एकाला मारणारा फाज दुसऱ्याला मारत नव्हता. फरक होता तो फक्त या फिरत्या बचाव-तुकड्यांचा. आमच्या दोन नळ्यांतलं चित्र याच्याशी जुळतं. नवा जिवाणू बीजाबरोबर पूर्व किनाऱ्यावरून आला असेल किंवा उधाणाच्या पाण्याबरोबर खाडीतून. खाडीची शक्यता मी कमी मानत नाही, कारण तळ्याचं पाणी तिथेच सोडलं जातं आणि तिथूनच पुन्हा भरलं जातं.

त्याच वर्षीचं पटकीच्या जिवाणूवरचं दुसरं काम इथे सांगायलाच हवं. एसएक्सटी नावाचा फिरता तुकडा अँटिबायोटिकला दाद न देण्याची जनुकं वाहतो, हे फार आधीपासून माहीत होतं. त्याच तुकड्यावर फाजपासून बचाव करणारी जनुकंही बसलेली असतात, हे तेव्हा दिसलं. म्हणजे एखाद्याने तळ्यात चोरून अँटिबायोटिक टाकलं आणि असा तुकडा बाळगणारे जिवाणू निवडून ठेवले, तर त्याने नकळत फाजविरुद्धचा बचावही निवडला. दुसऱ्या पिकाच्या मरतुकीत खाद्याच्या दुकानातून असा सल्ला आला होता. काकांनी तो ऐकला नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो, कारण त्या दिवसांत रोज सकाळी ते जाळीने मेलेली कोळंबी काढत होते.

काय केलं

सर्वांत सोपा उपाय हाताशी होता: नव्या जिवाणूत वाढवून खूण बसवलेला फाज सोडणं. तो आम्ही मुख्य उपाय मानला नाही. तळ्यात जुने-नवे दोन्ही जिवाणू असतील तर जुन्यातून एक फेरी होताच खूण जाते, आणि लहान छिद्रांचा प्रश्न होताच. त्याऐवजी खाडीचं आणि तळ्याच्या निचऱ्याचं पाणी घेऊन नव्या जिवाणूवर नव्याने फाज शोधले. त्यांतला एक दोन्ही जिवाणूंवर सारखाच चालला. विषाणूही गप्प बसलेले नसतात. टी-४ सारखे फाज आपल्या डीएनएमधली अक्षरंच बदलून साखर चढवतात आणि कात्रीला जागा सापडू देत नाहीत, तर आयसीपी-१ ने पटकीच्या जिवाणूविरुद्ध स्वतःचंच क्रिस्पर बाळगलं आहे, हे २०१३ साली कळलं. आपल्या खाडीत असे कसलेले फाज असणारच, शोधायचं ते जिवाणूच्या ताज्या नमुन्यावर. हा फाज पेशीत लपून राहणाऱ्यांतला नाही ना, हेही पाहिलं. ती काळजी अनाठायी नव्हे: व्हीएचएमएल नावाचा असा लपणारा फाज शिरल्यावर सौम्य व्हिब्रिओ हार्वेई घातक होतो, हे ऑस्ट्रेलियात दिसलं आहे.

तळ्याच्या बाजूने खाद्य तोडलं, मधल्या नाल्यातला गाळ सायफनने काढला, एरेटर वाढवले. नवा फाज तयार होईपर्यंत बरेच दिवस गेले आणि काकांनी अर्धं पीक कोळंबी लहान असतानाच विकलं. उरलेल्या अर्ध्यात फाज सोडल्यावर चमक गेली आणि मरतुक थांबली. पाणी सुधारल्याचा वाटा त्यात किती आणि फाजचा किती, हे एका तळ्यावरून वेगळं काढता येत नाही. पैशांत पाहिलं तर हे पीक तोट्यातच गेलं.

आता बीजाची प्रत्येक पेटी आली की काका थोडी पिल्लं आणि पेटीतलं पाणी तळ्यात सोडण्याआधी आमच्याकडे पाठवतात. त्यातून निघालेला प्रत्येक चमकणारा जिवाणू फ्रीझरमधल्या सगळ्या फाजांवर लावून पाहतो: आधी पातळ थेंब, मग चिकटण्याची चाचणी. फाज सोडायची वेळही बदलली आहे. तो आता भरलेल्या पाण्यात, बीज सोडण्याआधी आणि नंतरच्या पहिल्या आठवड्यांत जातो, दाटी होण्याच्या आत. शेजारच्या दोन प्रकल्पांचं निचऱ्याचं पाणी त्याच खाडीत येतं, म्हणून त्यांचेही नमुने मागितले आहेत. एकाने दिले, दुसरा अजून तयार नाही.